डाळ न शिजवणाऱ्या पाण्यात मलावीचे मासे

पुण्या-नाशिकहून बदली होऊन नोएडात किंवा गुरुग्रामला आलेल्या मराठी घरात पहिल्या पंधरवड्यातच एक तक्रार सुरू होते: डाळ शिजत नाही. शिट्ट्या दुप्पट केल्या तरी तुरीचा दाणा दाताखाली येतो. मग नळाच्या जाळीवर पांढरा थर चढतो, साबणाला फेस येईनासा होतो, गीझर कडकड वाजू लागतो. दोष पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा. एनसीआरच्या बऱ्याच भागांत बोअरचं पाणी असं जड आहे, आणि सोसायट्यांच्या टाक्यांत ते कमी-अधिक मिसळलेलं असतंच.

माझ्या पहिल्या टँकमधले निऑन टेट्रा या पाण्यात एकेक करून गेले. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आम्ल पाण्यातला मासा तो. त्याच्यासाठी दोन वर्षं मी आरओचं पाणी बादल्यांनी वाहिलं, कसल्या कसल्या पुड्या टाकल्या. शेवटी कधीतरी उलटा प्रश्न पडला: आपल्या नळाला येणारं पाणी मुळातच कुणाला मानवेल? उत्तर पूर्व आफ्रिकेतल्या सरोवरांत होतं. घरात पहिल्यांदाच टँक बसवणाऱ्याला, विशेषतः दिल्ली आणि आसपास राहणाऱ्याला, माझं सांगणं एवढंच आहे की आधी आपलं पाणी पाहा, त्यावरून माशांचा गट ठरवा आणि रंग शेवटी पाहा. दुकानात नेमकं याच्या उलट घडतं.

तिथले हे मासे सिक्लिड कुळातले, आणि हे कुळ आपल्याला परकं नाही. कोकण-गोव्याच्या खाड्यांत मिळणारा कलुंदर हा सिक्लिडच. उजनीच्या काठी तळून मिळणारी चिलापी तर मूळची आफ्रिकेतलीच. मोझांबिक चिलापी भारतात 1952 मध्ये आणली गेली आणि तळी-धरणांत तिने असा जम बसवला की मूळ माशांना जागा उरली नाही. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, हे उजनीचा कुठलाही मच्छीमार सांगेल. टँकमध्ये आपण जे रंगीत आफ्रिकन सिक्लिड पाळतो ते याच गोतावळ्यातले आहेत आणि चिवटपणा, हद्दीसाठी भांडणं, पिल्लांची काळजी हे सगळे गुण त्यांच्यातही उतरलेले आहेत.

हे मासे प्रामुख्याने तीन सरोवरांतून येतात: मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया. टांगानिका सुमारे 1,470 मीटर खोल, जगात बैकालनंतर दुसऱ्या क्रमांकाचं; त्याचं पाणी पीएच 9 च्या आसपास असतं. मलावी जवळपास 700 मीटर खोल, पीएच साधारण 7.8 ते 8.6. एकट्या मलावीत सिक्लिडच्या आठशेच्या वर जाती आहेत असं मानलं जातं आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्याच्या दक्षिण टोकाचा भाग 1984 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. व्हिक्टोरियाची गोष्ट दुःखद आहे. गेल्या शतकाच्या मध्याला तिथे नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला आणि सरोवरातल्या छोट्या सिक्लिडच्या कित्येक जाती संपल्या.

नव्या माणसाने सुरुवात मलावीपासून करावी. हे मासे एनसीआरच्या बाजारात सहज मिळतात, इथेच वाढवलेले असतात आणि थोडीफार चूक पोटात घालतात.

नळाखाली काय येतं ते आधी तपासा

पाणी जड आहे म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. घराघरांत टीडीएस मीटर असतो आणि त्यावरचा आकडा पाहून लोक निकाल लावतात. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज. त्यात कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती, हे तो सांगत नाही. मलावी सरोवराचा स्वतःचा टीडीएस दोनशेच्या आसपासच आहे. आपल्याकडचा सहाशे-सातशेचा हे मासे चालवून घेतात, पण नजफगडकडच्या किंवा गुरुग्रामच्या काही भागांतल्या खारट बोअरचं पाणी दीड-दोन हजारांवर गेलं असेल तर त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा. पीएच, जीएच म्हणजे एकूण कठीणपणा, केएच म्हणजे कार्बोनेटचा कठीणपणा, आणि नायट्रेट या चार तपासण्यांचे थेंबांचे किट विकत घ्या. माशांआधी यावर खर्च करा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. तुमच्या बोअरचं नायट्रेट त्याच्या आसपास असेल तर कितीही पाणी बदललं तरी टँकमधलं नायट्रेट खाली येणार नाही.

पीएच मोजण्याआधी बादलीभर पाण्यात एअर पंपाचा दगड सोडून ते एक दिवस राहू द्या. बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. तो उडाला की पीएच वर चढतो आणि खरा आकडा तोच.

तुमच्या सोसायटीत सॉफ्टनर प्लँट असेल तर इथे थोडं थांबा. हा प्लँट कॅल्शियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम देतो. डाळ शिजते, गीझर वाचतो, पण माशांना हवा असलेला क्षार नेमका तोच निघून जातो. टँकसाठी सॉफ्टनरच्या आधीची लाइन मिळते का ते देखभालवाल्यांना विचारा. नाहीच मिळाली तर टँकमध्ये चुनखडीचे दगड ठेवून आणि थोडं एप्सम सॉल्ट घालून जीएच भरून काढता येतो. खडेमीठ टाकायचा सल्ला हमखास मिळतो. ही गोड्या पाण्याची सरोवरं आहेत, मिठाची इथे गरज नाही.

एनसीआरमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: नळाचं पाणी वर्षभर एकसारखं नसतं. नोएडा-गाझियाबादला येणारं गंगाजल अप्पर गंगा कालव्यातून येतं आणि साफसफाईसाठी हा कालवा दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बंद ठेवतात. त्या काळात सगळा भार बोअरवर पडतो आणि एका रात्रीत टीडीएस चढलेला दिसतो. दिल्लीत हिवाळ्याचं दुखणं वेगळं. यमुनेत वरच्या अंगाने येणारं सांडपाणी वाढतं, अमोनियाचं प्रमाण चढतं आणि वझिराबाद-चंद्रावळ इथले जलशुद्धीकरण प्रकल्प रडतखडत चालतात. लिटरमागे साधारण 1 मिलिग्रॅमच्या पुढे अमोनिया गेला की त्यांना पाणी पुरेसं शुद्ध करता येत नाही. वर्तमानपत्रात ही बातमी दिसली की माझ्या घरी त्या आठवड्यात पाणी तपासल्याशिवाय बदललं जात नाही.

कारण जड, अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त घातक होतो. साधारण 26 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8.2 ला तोच वाटा साडेआठ टक्क्यांवर जातो. अमोनिया तेवढाच, विष चौदापट. म्हणूनच मलावीच्या टँकमध्ये कच्चा, म्हणजे अजून जिवाणू न बसलेला फिल्टर अजिबात चालत नाही. आणि दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारा हायपो क्लोरीन मारतो खरा, पण क्लोरीन अमोनियाशी जुळून क्लोरामाइन झालं असेल तर हायपोने त्यातला अमोनिया सुटा होऊन पाण्यातच राहतो. हिवाळ्यात अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर वापरावं, आणि एका वेळी पाणी थोडंच बदलावं.

चार फुटांखाली जाऊ नका

काचेची साधी टाकी बनवून घ्या. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काच 10 मिलिमीटर. पाणी भरतं सुमारे अडीचशे लिटर. बाजारात झाकणासकट, पाठीमागे प्रवाळाचं चित्र चिकटवलेल्या दोन फुटी टाक्या दिसतात. त्यांत मलावीचे मासे ठेवू नका. सरोवरात हरलेला नर चार हात पळून गेला की भांडण संपतं. दोन फुटी टाकीत पळायला जागाच नसते, आणि भांडण हरणाऱ्याच्या जिवावर बेतल्याशिवाय थांबत नाही. लांबी आणि रुंदी महत्त्वाची, उंची नाही.

पाणी, काच, वाळू, दगड धरून हे प्रकरण साडेतीनशे किलोंच्या वर जातं. बहुमजली इमारतीत ते खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीत नको. तुळईजवळ, भिंतीला लागून, भक्कम स्टँडवर, आणि एसीच्या थेट झोतापासून लांब ठेवा.

दगडांसाठी मात्र दिल्लीसारखं शहर नाही. फरशीवाल्याकडे कोटा फरशीचे तुकडे कवडीमोलाने मिळतात. कोटा हा चुनखडीचाच दगड. पीएच आपोआप वर धरून ठेवतो आणि एकावर एक रचला की उत्तम कपाऱ्या होतात. एखाद्या दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, आपल्या टँकला तो चालेल. बांधकामवाले इथे जाड वाळूला ‘बदरपूर’ आणि बारीक वाळूला ‘जमना’ म्हणतात. मलावीच्या खडकांत राहणाऱ्या म्बुना माशांना बदरपूर चालते; पीकॉक नावाचे मासे ठेवणार असाल तर बारीक वाळूच हवी, कारण ते तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून चाळतात. कुठलीही वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, मग वीस वेळा का धुवावी लागेना. दगड आधी काचेवर थर्माकोल किंवा फोमचा तुकडा ठेवून रचा आणि वाळू नंतर टाका. हे मासे खणतात. वाळूवर रचलेला दगड एके दिवशी काचेवर कोसळतो. प्रवाळाचे तुकडे कुणी दिले तर घेऊ नका. खडकाळ प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

फिल्टर मोठा घ्या, आणि मासे आणण्याआधी महिना-दीड महिना तो रिकाम्या टाकीवर चालवा. अमोनियम क्लोराइडचे थेंब टाकून अमोनिया द्यायचा, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टाकलेला अमोनिया आणि झालेलं नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर आलं की टँक तयार. डिसेंबर-जानेवारीत हीटरशिवाय हे काम रेंगाळतं, कारण थंड पाण्यात जिवाणूही आळसावतात. ओळखीच्या निरोगी टँकमधला फिल्टरचा जुना स्पंज मिळाला तर दिवस निम्म्याने वाचतात.

कोण कुणाबरोबर राहील

आता मुख्य विषय. मलावीचे मासे ढोबळमानाने तीन प्रकारचे. खडकांत राहणारे, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे ते म्बुना. हा शब्द तिथल्या टोंगा लोकांचा. खडक आणि वाळू यांच्या सीमेवर राहणारे, वाळूतले किडे हुडकणारे ते पीकॉक. त्यांच्या जबड्यावर बारीक खळगे असतात आणि वाळूखालची हालचाल त्यांना त्या खळग्यांतून कळते. आणि मोकळ्या पाण्यात फिरणारे, बहुतेक शिकारी, ते हॅप. म्बुना दंगेखोर आणि जवळजवळ शाकाहारी, पीकॉक त्यामानाने सौम्य आणि मांसाहारी, हॅप आकाराने मोठे. भांडणाचं आणि पोटाच्या दुखण्याचं मूळ हे तीन गट एकाच टाकीत कोंबण्यात असतं.

माझी पहिली आफ्रिकन खरेदी ‘मिक्स अफ्रीकन’ या नावाने झाली. दीड-दोन इंचांची बारा पिल्लं, सगळी चमकदार. दुकानदाराने नावं सांगितली नाहीत, मीही विचारली नाहीत. त्यांत पिवळ्या अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेली दोन होती. त्या वयात त्यांच्याइतकं देखणं पिल्लू दुसरं नाही. आठ महिन्यांत त्यातल्या एकाचा रंग पालटला, पिवळ्याचा काळपट झाला आणि पट्टे फिके पडले. तो ऑराटस जातीचा नर होता. दगडांचा एक कोपरा त्याने धरला, मग दुसरा, मग सगळी टाकी. वर्ष सरता सरता बारातले तीन उरले. त्यातला एक हीटरच्या मागे उभा राहून दिवस काढायचा, शेपटी फाटलेली. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आजही दुकानात गिऱ्हाइकाची नजर पहिल्यांदा ऑराटसवर आणि केनयीवर जाते. केनयीची पिल्लं निळीशार असतात, नर मोठा झाल्यावर पिवळा होतो आणि स्वभाव ऑराटसचाच. पहिल्या टँकसाठी या दोघांना ठाम नकार द्या.

चार फुटी टाकीत म्बुनाच हवे असतील तर माझी निवड अशी: येलो लॅब, रस्टी आणि सोकोलोफाय. येलो लॅब पूर्ण पिवळा, पाठीच्या पंखाला काळी कड, म्बुनांत सर्वांत समजूतदार. रस्टी विटकरी-जांभळट, दुकानात उदास दिसतो आणि म्हणून स्वस्त मिळतो. पुरेशी जागा आणि बरा उजेड मिळाला की सहा महिन्यांत त्याच्या अंगावर जी झळाळी येते ती पाहण्यासारखी असते. सोकोलोफाय फिक्या निळ्या रंगाचा. तिघांचे रंग एकमेकांपासून लांब आहेत, हा योगायोग नाही. नर सर्वांत आधी आपल्यासारख्याच दिसणाऱ्या नराला शत्रू धरतो. एकाच टाकीत दोन निळ्या पट्ट्यांच्या जाती ठेवल्या की भांडण ठरलेलंच.

प्रत्येक जातीचे पाच-सहा, म्हणजे एकूण पंधरा-अठरा. एवढी गर्दी वाचून नवा माणूस बिचकतो. पण म्बुनांच्या टाकीत मासे थोडे असले तर एकट्या दुबळ्यावर सगळा मार पडतो; संख्या असली की मार वाटला जातो आणि कुणाच्याच जिवावर येत नाही. याची किंमत पाण्याच्या रूपाने द्यावी लागते: मोठा फिल्टर, आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलणं. प्रत्येक जातीत एका नरामागे तीन-चार माद्या राहतील असं पाहा. पिल्लांत नर-मादी कळत नाही, म्हणून सहा-आठ घ्यायची आणि वाढल्यावर जादा नर परत द्यायचे. दुकानदाराशी हे आधीच बोलून ठेवा. सगळी पिल्लं एकदम आणा. जुन्या टाकीत नंतर एकच नवा मासा सोडायची वेळ आलीच तर दिवा बंद करा आणि सोडण्याआधी दगडांची रचना मोडून नव्याने लावा. सगळ्यांच्याच हद्दी पुसल्या गेल्या की नव्याकडे लक्ष कमी जातं.

गडद निळ्या पट्ट्यांचा चिमुकला डेमासोनी बघून मोह होईल. टांझानियाच्या किनाऱ्यावरचा हा मासा 1994 मध्ये शास्त्रीय नोंदीत आला. तो एकतर बारा-पंधराच्या कळपात ठेवावा नाहीतर घेऊच नये; चार-पाच घेतले तर शेवटी एक उरतो.

दुसरा मार्ग नुसत्या नरांचा. सात-आठ पीकॉक, प्रत्येक वेगळ्या जातीचा आणि रंगाचा, सगळे नर. माद्या नसल्या की भांडायला मोठं कारण उरत नाही, आणि टँक कायम रंगलेला राहतो. यात येलो लॅबची भर घालता येते. म्बुना असूनही त्याला किडे-मकोडे चालतात, त्यामुळे पीकॉकच्या खाण्यावर त्याचं पोट बिघडत नाही. मात्र दुसऱ्या पिवळ्या पीकॉकबरोबर तो नको. या मार्गातली अडचण खरेदीची आहे. पीकॉकचं दीड इंची पिल्लू निसर्गतः करडं, निस्तेज असतं. त्या आकारात जर सगळीच पिल्लं निळी-लाल दिसत असतील तर त्यांना संप्रेरकं चारलेली असण्याचा दाट संशय घ्या. घरी आणल्यावर दोन महिन्यांत रंग उतरतो आणि अर्ध्या माद्या निघतात. तीन-साडेतीन इंचांचे, रंग नुकता भरू लागलेले नर थोडे महाग पडतात, पण तेच घ्या.

हॅपबद्दल थोडक्यात. व्हेनुस्टस, लिव्हिंगस्टोनी हे पिल्लं असताना पीकॉकबरोबर विकले जातात आणि पुढे वीस-पंचवीस सेंटीमीटरचे होतात. लिव्हिंगस्टोनी तळाशी मेल्यासारखा पडून राहतो आणि जवळ आलेलं पिल्लू झटकन गिळतो. पाहायला विलक्षण मासा आहे, पण त्याला सहा फुटी टाकी लागते.

जागाच नसेल, दोन-अडीच फुटांपलीकडे जाता येत नसेल, तर टांगानिकाचा शंखवासी मल्टिफॅशिएटस शोधा. जेमतेम दोन इंचांचा हा मासा रिकाम्या शंखात संसार थाटतो. वाळूचा जाड थर आणि गोगलगायींचे दहा-पंधरा शंख एवढंच त्याला हवं. वाळू उपसून, शंख पुरून, दरवाजाची दिशा बदलून तो दिवसभर कामात असतो. मिळायला वेळ लागतो, पीएच 8.5 च्या वर धरावा लागतो, आणि त्याच्याबरोबर मलावीचा एकही मासा ठेवू नये.

टाकी साफ राहावी म्हणून ‘सकर’ मासा घ्या असा आग्रह होतो. तो एक-दीड फुटाचा होतो, स्वतःच भरपूर घाण करतो आणि सफाईचं काम त्याच्याने होत नाही. खाली काही हवंच असेल तर आफ्रिकेचाच सिनोडॉन्टिस बरा. पॅरट आणि फ्लॉवरहॉर्न हे माणसाने संकरातून केलेले, मध्य अमेरिकेच्या वळणाचे मासे. त्यांचं या टाकीत काम नाही.

पोट आणि ऋतू

म्बुनाचं आतडं शेवाळ पचवण्यासाठी लांबच लांब असतं. त्याला रोज ब्लडवर्म, ट्युबिफेक्स, कोळंबीचा चुरा दिला की काही महिन्यांत एखादा मासा खाणं सोडतो, पोट फुगतं, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबते. याला मलावी ब्लोट म्हणतात आणि उशिरा लक्षात आला तर मासा बहुधा वाचत नाही. स्पिरुलिनाचे दाणे, आठवड्यातून एकदा वाफवलेला पालक किंवा सोललेला मटार, बस. दिवसातून दोन वेळा, मिनिटभरात संपेल एवढंच. ते काचेला तोंड लावून सतत भुकेचा आव आणतात. घरातल्या मुलांना आणि आजोबांना हे आधी समजावून ठेवा. पीकॉकला थोडं मांसाहारी खाणं चालतं, आणि म्हणूनच ते म्बुनांबरोबर नकोत. सुटीत आठवडाभर गावी गेलात तर मोठे मासे उपाशी ठेवून जा. शेजाऱ्याने प्रेमाने टाकलेली मूठभर गोळी उपासापेक्षा वाईट.

या माशांना 24 ते 28 अंश तापमान मानवतं आणि दिल्लीच्या घराला वर्षातले सहा महिने ते मंजूर नसतं. जानेवारीत बंद खोलीतलं पाणी चौदा-पंधरा अंशांवर येऊ शकतं. अडीचशे लिटरला एक मोठा हीटर लावण्यापेक्षा दीडशे-दीडशे वॉटचे दोन लावा. एक बंद पडला तर दुसरा सांभाळतो, एक अडकून चालूच राहिला तर पाणी उकळत नाही. उन्हाळ्यात झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. मे-जूनच्या कोरड्या हवेत याने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत मात्र खोलीतल्या कूलरसारखंच होतं, पंखा फिरतो आणि गारवा येत नाही. तेव्हा एसी किंवा निदान हवेचा जास्तीचा पंप. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले की समजायचं. पंख्याने उडून गेलेलं पाणी भरताना आरओचं भरा. क्षार उडत नाहीत, मागेच राहतात; बोअरच्या पाण्याने भर घालत गेलात तर महिन्याभरात टाकीचा टीडीएस कुठल्या कुठे जातो. एअर पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, हीटर घेऊ नका.

आणि नकोसा झालेला मासा यमुनेत, हिंडनमध्ये किंवा सोसायटीच्या तळ्यात सोडू नका. आफ्रिकेची नाईल चिलापी यमुनेत आधीच मुक्कामाला आहे. दुकानात परत द्या, ओळखीच्या पाळणाऱ्याला द्या.

सगळं नीट बसलं असेल तर सात-आठ महिन्यांत कधीतरी एक मादी खाणं सोडेल. घाबरून औषध टाकू नका, तिची हनुवटी पाहा. खालचा जबडा भरून आलेला दिसला तर तोंडात अंडी आहेत. तीन आठवडे ती जवळजवळ उपाशी राहते आणि मग एकेक पूर्ण घडलेलं पिल्लू बाहेर सोडते. पिल्लं वाचवायची असतील तर पंधराव्या-सोळाव्या दिवशी रात्री दिवा बंद असताना तिला अलगद वेगळ्या टबात घ्या, त्यात स्पंज फिल्टर आणि हीटर आधीच चालू ठेवलेला असावा. पिल्लं सुटल्यावर तिला लगेच परत टाकू नका. चार दिवस एकटीला भरपूर खाऊ घाला, नाहीतर थकलेली मादी मार खाते. पिल्लं पहिल्या दिवसापासून दाण्यांची बारीक पूड खातात. ती वाटायला निघाल तेव्हा डब्यावर जातीचं नाव आणि आई-बाप कोण ते लिहून द्या. येलो लॅब आणि रेड झेब्रा हा दुसरा म्बुना एकत्र असले तर त्यांचा संकर सर्रास होतो, पिल्लू पिवळंच दिसतं आणि घेणाऱ्याला काही कळत नाही. बाप नक्की कोण हे सांगता येत नसेल तर ती पिल्लं वाढवा, पाळा, पण येलो लॅब म्हणून कुणाला देऊ नका.